नोकरीचं इंग्रजी : जाहिरातीपासून राजीनाम्यापर्यंत, कागद हातात येईल त्या क्रमाने

गेल्या वर्षी डिप्लोमा झालेला एक मुलगा पहिला पगार जमा झाल्यावर ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे आला. चाकणच्या एका कारखान्यात लागला होता. कागदावर 'सीटीसी ३.६ एलपीए' असं होतं. 'एलपीए' म्हणजे वर्षाला लाख; सीटीसी म्हणजे काय ते पुढे येतंच. त्याने सरळ बाराने भागलं, महिन्याला तीस हजार धरले, मोशीत खोली घेतली आणि बार्शीला वडिलांना फोन करून तोच आकडा सांगितला. बँकेत आले २२,४७९ रुपये. त्याला वाटलं, कंपनीने फसवलं. मी कागद वाचला तर सगळा हिशोब दुसऱ्या पानावर व्यवस्थित मांडलेला होता. ते शब्द त्याला कुणी कधी समजावूनच सांगितले नव्हते.

चौदा वर्षं मी कारखान्यांच्या एचआर विभागात काम केलं. अशी मुलंमुली दर महिन्याला समोर बसायची. मराठी माध्यम, पुढे आयटीआय किंवा डिप्लोमा किंवा बी.कॉम., हाताला काम उत्तम, आणि इंग्रजी कागद समोर आला की चेहरा उतरलेला. क्लासला तीन-तीन महिने घालवून ही मुलं 'हाऊ डू यू डू' शिकून येतात, पण 'इन ल्यू ऑफ' म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण नोकरीला लागणारं इंग्रजी फार मोठं नाही. शंभरेक शब्द आणि वीस-पंचवीस वाक्यं. ती ठरलेल्या क्रमाने समोर येतात, तेव्हा त्याच क्रमाने शिकावीत.

आधी एक वही करा

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवा. सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य हवं. उजव्या पानावर डिक्शनरीतला अर्थ लिहू नका. तिथे एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा : या शब्दाने माझ्या पैशाचं, वेळेचं किंवा हक्काचं काय होतं? 'प्रोबेशन' म्हणजे 'परिविक्षा' असं लिहून कुणालाच काही कळत नाही. 'या काळात मला कमी मुदतीची नोटीस देऊन काढता येतं' असं लिहिलं की शब्द कायमचा डोक्यात बसतो.

जाहिरात वाचताना

जाहिरातीत अटींचे दोन ढीग असतात. 'मस्ट हॅव', 'मॅन्डेटरी', 'एसेन्शियल' म्हणजे हे नसेल तर अर्ज बाजूला पडणार. 'प्रिफर्ड', 'डिझायरेबल', 'गुड टु हॅव' म्हणजे असेल तर बरं, नसेल तरी चालेल. मुली विशेषतः दुसऱ्या ढिगातली एखादी गोष्ट आपल्याकडे नाही म्हणून अर्जच करत नाहीत. करा. 'गुड टु हॅव' मधलं काहीही नसलेल्या कितीतरी जणांना मी घेतलं आहे.

'फ्रेशर' म्हणजे अनुभव नसलेला. 'वॉक-इन' म्हणजे दिलेल्या दिवशी थेट जाऊन भेटायचं. 'इमिजिएट जॉइनर' म्हणजे आठ-पंधरा दिवसांत रुजू होणारा माणूस हवा आहे. 'रोटेशनल शिफ्ट' असेल तर रात्रपाळी येणारच, 'रोटेशनल ऑफ' असेल तर सुट्टी रविवारीच मिळेल असं नाही. भोसरीकडच्या कितीतरी कारखान्यांची सुट्टी तशीही गुरुवारी असते.

सगळ्यात महत्त्वाची जोडी 'ऑन रोल' आणि 'ऑफ रोल'. ऑन रोल म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावर. ऑफ रोल किंवा 'थर्ड पार्टी पेरोल' म्हणजे काम त्या कंपनीत, पण तुमचा मालक ठेकेदार. गेटवर नाव मोठ्या कंपनीचं दिसतं आणि पगाराच्या चिठ्ठीवर भलतंच. असं काम घेण्यात काही वाईट नाही, पण घेताना माहीत हवं. विचारा : 'विल आय बी ऑन कंपनी रोल ऑर ऑन कॉन्ट्रॅक्टर्स रोल?'

'अप्रेंटिस' आणि 'ट्रेनी' हे एकच समजू नका. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली घेतलेल्या अप्रेंटिसला पगार नसतो, 'स्टायपेंड' (विद्यावेतन) असतो आणि पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, लागू नसतो. ट्रेनीचं सगळं त्याच्या पत्रावर अवलंबून असतं.

आणि 'रजिस्ट्रेशन फी' किंवा 'रिफंडेबल डिपॉझिट' हे शब्द दिसले तर तिथेच थांबा. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागणारा माणूस नोकरी देत नसतो.

रेझ्युमे

हे थोडक्यात. आपल्याकडे 'बायोडेटा' म्हटलं की लग्नाचा कागद डोळ्यांसमोर येतो, आणि मुलं नोकरीच्या कागदावरही वडिलांचा व्यवसाय, जात, उंची, जन्मवेळ लिहितात. ते सगळं काढा. 'हार्डवर्किंग', 'सिन्सिअर', 'पंक्चुअल' हेही काढा, कारण ते सगळेच लिहितात. त्या जागी केलेलं काम क्रियापदाने सुरू करून लिहा : 'ऑपरेटेड टू व्हीएमसी मशीन्स', 'इन्स्पेक्टेड जॉब्स विथ व्हर्निअर अँड मायक्रोमीटर', 'मेन्टेन्ड डेली स्टॉक रजिस्टर', 'प्रिपेअर्ड जीएसटी इन्व्हॉइसेस'. मायक्रोमीटर शब्द वाचला की मुलाखत घेणारा तुम्हाला मायक्रोमीटरबद्दलच विचारतो, आणि ते उत्तर तुमच्याकडे असतं.

मुलाखत

मुलाखतीत मराठी माणसाच्या चुका बहुतेक मराठीतूनच येतात. एकदा त्यांचं मूळ कळलं की त्या सुटतात.

'मी दोन वर्षांपासून काम करतोय' हे वाक्य मनात असतं. 'पासून'ला 'सिन्स' येतं, म्हणून तोंडातून निघतं 'आय ऍम वर्किंग सिन्स टू यर्स'. इंग्रजीत काळाची लांबी सांगायची तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स' : 'आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर टू यर्स', 'सिन्स जून २०२३'. तसंच 'माझ्याकडे अनुभव आहे' याचं 'आय ऍम हॅविंग एक्सपिरियन्स' होतं. तिथे नुसतं 'आय हॅव'. 'मला म्हणाले' याचं 'ही सेड मी' होतं. तिथे 'ही टोल्ड मी'. 'मला समजावलं' याचं 'ही एक्स्प्लेन्ड मी' होतं, खरं 'ही एक्स्प्लेन्ड इट टु मी'. आणि नाव सांगताना 'मायसेल्फ' नको. 'माय नेम इज' किंवा 'आय ऍम' पुरे.

'टेल मी अबाउट युवरसेल्फ' हा प्रश्न हमखास येतो. घरची माहिती विचारलेली नसते. चार वाक्यं तयार ठेवा : काय शिकलात, कुठे आणि किती काम केलंत, त्यातलं कोणतं काम चांगलं जमतं, आणि ही जागा का हवी. पाठ करा, पण आरशासमोर नाही, फोनवर रेकॉर्ड करून. ऐकताना कुठे अडखळता ते लगेच कळतं.

प्रश्न समजला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नका. 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' हे वाक्य मुलाखतीत कमीपणाचं नाही. मी समोरच्या खुर्चीत बसायचे तेव्हा हे विचारणारा उमेदवार मला कामाचा वाटायचा, कारण मशीनवरही तो न समजता बटण दाबणार नाही. मधेच मराठीत बोलावंसं वाटलं तर 'मे आय एक्स्प्लेन धिस इन मराठी?' असं विचारा. आपल्या भागातल्या कारखान्यांत बहुतेक वेळा होकार मिळतो.

पगाराची वेळ आली की 'करंट सीटीसी' आणि 'एक्स्पेक्टेड सीटीसी' विचारतात. इथे हातात येणारी रक्कम सांगितलीत तर स्वतःचंच नुकसान होतं. सीटीसी विचारली तर वर्षाची सीटीसीच सांगा, आणि पुढे म्हणा : 'कॅन यू शेअर द ब्रेकअप?', म्हणजे ही रक्कम कशाकशाची मिळून झाली ते सांगाल का?

ऑफर लेटर : इथे घाई नको

ऑफर लेटर वाचायला एक रात्र मागून घ्या. 'कॅन आय गेट बॅक टु यू बाय टुमॉरो?' एवढंच म्हणायचं. 'आत्ताच सही करा' म्हणून मागे लागणाऱ्याचा कागद तर जास्तच लक्ष देऊन वाचावा.

सगळ्यात जास्त घोटाळा 'सब्जेक्ट टु' या दोन शब्दांचा. मुलांना 'सब्जेक्ट' म्हणजे विषय एवढंच माहीत असतं. 'युवर अपॉइंटमेंट इज सब्जेक्ट टु बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन' याचा अर्थ : तुमची चौकशी होईल, ती नीट निघाली तरच नेमणूक. म्हणजे जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी ती चौकशी झाली आहे का, हे विचारायला हवं.

दुसरा तसाच शब्द 'प्रोड्यूस'. 'प्रोड्यूस ओरिजिनल सर्टिफिकेट्स' म्हणजे मूळ प्रमाणपत्रं दाखवा. जमा करा असा त्याचा अर्थ नाही. मूळ मार्कशीट कुणाच्या कपाटात ठेवू नका. कुणी मागितलीच तर म्हणा : 'आय विल शो द ओरिजिनल्स अँड सबमिट सेल्फ-अटेस्टेड कॉपीज'.

'मे' आणि 'विल' यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. 'बोनस विल बी पेड' हे वचन आहे. 'बोनस मे बी पेड ऍट द सोल डिस्क्रीशन ऑफ द कंपनी' म्हणजे कंपनीला वाटलं तर. 'सोल डिस्क्रीशन' जिथे आहे तिथे तुमचं म्हणणं विचारलं जाणार नाही, आणि ती रक्कम हिशोबात धरू नका.

प्रोबेशनचं कलम तर शब्द न् शब्द वाचा. दोन तऱ्हा असतात. एकीत सहा महिने झाले की तुम्ही 'डीम्ड टु बी कन्फर्म्ड', म्हणजे पत्र आलं नाही तरी कायम झालात असं मानलं जातं. दुसरीत 'अनलेस कन्फर्म्ड इन रायटिंग, यू विल कन्टिन्यू टु बी ऑन प्रोबेशन', म्हणजे लेखी पत्र मिळेपर्यंत प्रोबेशन चालूच. माझ्या पहिल्या नोकरीत हे दुसरं वाक्य होतं. सहा महिने उलटले तेव्हा मी कायम झाले असं धरून चालले, आणि एकोणीस महिने प्रोबेशनवर राहिले. हक्काची रजा मागायला गेले तेव्हा ते कळलं. त्या वाक्याचा अर्थ मला कुणी आधी सांगितला असता, तर सातव्या महिन्यात एक ओळीचा अर्ज करून मी पत्र मागितलं असतं : 'आय हॅव कम्प्लीटेड माय प्रोबेशन. काइंडली इश्यू माय कन्फर्मेशन लेटर.' तेवढी ओळ वहीत उतरवून ठेवा.

'एदर पार्टी मे टर्मिनेट विथ टू मंथ्स नोटिस ऑर सॅलरी इन ल्यू देअरऑफ.' 'एदर पार्टी' म्हणजे दोघांपैकी कुणीही, तुम्हीसुद्धा. 'इन ल्यू' म्हणजे त्याच्या बदल्यात. तर अर्थ असा : सोडायचं असेल तर दोन महिने आधी सांगा, नाहीतर दोन महिन्यांचा पगार द्या, आणि कंपनीलाही तेच लागू. कधीकधी नोटीस एका बाजूला एक महिना आणि दुसऱ्या बाजूला तीन महिने असते. ते सहीआधी दिसलं तर बोलता येतं.

बॉन्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर 'लायेबल टु पे' नंतरचा आकडा शोधा. लायेबल म्हणजे देणं लागता. किती आणि किती काळात सोडल्यास, हे वहीत लिहा.

सीटीसी ते हातातला पगार

आता त्या मुलाचा हिशोब. सीटीसी म्हणजे 'कॉस्ट टु कंपनी', तुमच्यामुळे कंपनीला वर्षाला येणारा खर्च. ३,६०,००० म्हणजे महिन्याला ३०,०००. त्यातले ३,००० 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरी पाहून वर्षाच्या शेवटी मिळणारे, कमी होऊ शकणारे. १,८०० 'एम्प्लॉयर पीएफ', मालकाचा वाटा. ७२१ ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांसाठी, बाजूला. उरले २४,४७९. याला 'ग्रॉस' म्हणतात. चिठ्ठीवर डावीकडे 'अर्निंग्ज' खाली हा आकडा तीन तुकड्यांत होता : बेसिक १५,०००, एचआरए (घरभाडे भत्ता) ६,०००, स्पेशल अलाउन्स ३,४७९.

उजवीकडे 'डिडक्शन्स'. त्याचा स्वतःचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८००. प्रोफेशनल टॅक्स (व्यवसाय कर) २००. राहिले २२,४७९. हाच 'नेट', बोलीभाषेत 'इन-हँड'. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स ३०० कापतात, म्हणून त्या महिन्यात शंभर रुपये कमी येतात, घाबरायचं नाही. त्याच जागी मुलगी असती तर महाराष्ट्रात तिचा प्रोफेशनल टॅक्स कापलाच गेला नसता, कारण एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. मुलींनो, चिठ्ठीवर 'पीटी' ही ओळ बघा. चुकून कापलेला दिसला तर लेखी विचारा.

पीएफचं पासबुक पाहून पुष्कळ जण माझ्याकडे येतात : 'मॅडम, कंपनीने माझ्यापेक्षा कमी भरलेत.' तसं नसतं. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात. १५,००० बेसिकवर मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या रकान्यात आणि ५५० पीएफच्या रकान्यात दिसतात. दोन्ही मिळवून बघा. यूएएन हा तुमचा पीएफचा बारा आकडी क्रमांक आयुष्यभर एकच. नवीन कंपनीत नवा काढायचा नाही, जुनाच द्यायचा.

ग्रॉस पगार २१,००० पर्यंत असेल तर 'ईएसआय' (कर्मचारी राज्य विमा) अशी आणखी एक ओळ येते. तुमचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि त्या बदल्यात तुमच्यावर आणि घरच्यांवर ईएसआयच्या दवाखान्यांत उपचार होतात. लोक कापलेले पैसे पाहतात आणि कार्ड मात्र काढत नाहीत. कार्ड काढा.

ग्रॅच्युइटीचं सूत्र वहीत हवंच : शेवटचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, गुणिले झालेली वर्षं, भागिले २६. १५,००० वर पाच वर्षांचे साधारण ४३,२६९ रुपये होतात. कायम नोकरीत त्यासाठी सलग पाच वर्षं लागतात. साडेचार वर्षांनी चिडून नोकरी सोडणाऱ्यांना मी हा आकडा कागदावर लिहून द्यायचे. 'फिक्स्ड टर्म', म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदत संपल्यावर ही पाच वर्षांची अट नाही.

रोजच्या कामात

कामावरचं इंग्रजी आता बहुतेक व्हॉट्सऍप आणि मेलवर चालतं. इथेही एका मराठी शब्दाने घोळ होतो : 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो' आणि 'शुक्रवारपर्यंत रजेवर आहे' यांत आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत दोन लागतात. काम पुरं करायची मुदत असेल तर 'बाय फ्रायडे', तोवर चालू राहणारी गोष्ट असेल तर 'टिल फ्रायडे'. 'आय विल सबमिट टिल फ्रायडे' असं लिहिलंत तर शुक्रवार उजाडेपर्यंत रोज थोडं थोडं देणार असा अर्थ निघतो. 'परवा'चंही तसंच. पुढचा परवा 'डे आफ्टर टुमॉरो', मागचा 'डे बिफोर यस्टरडे'. त्यापेक्षा तारीख लिहावी.

'डू द नीडफुल' हे आपल्या सरकारी 'योग्य ती कार्यवाही करावी' सारखं. इथे चालतं. परदेशी ग्राहकाला लिहिताना काय हवं ते स्पष्ट लिहा : 'प्लीज अप्रूव्ह द ड्रॉइंग बाय १२ जुलै'. 'रिव्हर्ट'चंही तेच, बाहेर त्याचा अर्थ 'पूर्वस्थितीला जाणे' असा घेतात, तिथे 'रिप्लाय' लिहा.

'ईओडी' म्हणजे आज काम संपायच्या आत. 'एस्केलेट' म्हणजे वरच्या साहेबांकडे नेणं. रजेत 'सीएल' किरकोळ कामासाठी, 'ईएल' साठवलेली हक्काची. तिच्यापुढे 'कॅरी फॉरवर्ड' आहे, 'एन्कॅश' आहे की 'लॅप्स', ते बघा. कॅरी फॉरवर्ड म्हणजे पुढच्या वर्षी धरली जाईल, एन्कॅश म्हणजे पैसे मिळतील, लॅप्स म्हणजे गेली. 'एलडब्ल्यूपी' म्हणजे बिनपगारी. 'कॉम्प-ऑफ' म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केल्याची बदली सुट्टी, पण कारखान्यातल्या ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे, ते लक्षात असू द्या.

बायकांनी 'आयसी' हे अक्षरही लिहून ठेवावं. 'इंटर्नल कमिटी'. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी ती असायलाच हवी. रुजू होताना एचआरला सहज विचारा, आयसीत कोण आहे. सदस्यांची नावं सांगता आली पाहिजेत.

सोडताना

राजीनामा दोन ओळींचा असावा. 'आय हियरबाय रिझाइन फ्रॉम माय पोस्ट. ऍज पर माय नोटिस पिरियड, माय लास्ट वर्किंग डे विल बी ३१ ऑगस्ट.' कारणं, तक्रारी, कुणाचं नाव काही नको. मेलने पाठवा आणि 'काइंडली अक्नॉलेज' लिहा, म्हणजे पोच मिळते.

न सांगता जाणं बंद करू नका. त्याला 'ऍब्स्कॉन्डिंग' म्हणतात. मराठीत आपण फरार म्हणतो तसा हा शब्द तुमच्या नोंदीत राहतो आणि पुढच्या कंपनीच्या व्हेरिफिकेशनमध्ये वर येतो. घरचं कितीही निकडीचं कारण असलं तरी एक ओळीचा मेल टाकाच. गावी आई आजारी म्हणून निघून गेलेल्या गुणी मुलांच्या कागदावर हा शब्द बसलेला मी पाहिला आहे, आणि तो पुसणं फार कठीण जातं.

शेवटच्या दिवशी 'रिलिव्हिंग लेटर' आणि 'एक्सपिरियन्स लेटर' मागा. पहिल्यात कंपनीने तुम्हाला मोकळं केल्याची तारीख असते, दुसऱ्यात किती काळ आणि काय काम केलंत ते. 'फुल अँड फायनल'च्या कागदावर उरलेला पगार, साठलेल्या रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि नोटीस पूर्ण न केल्यास कापलेली रक्कम अशा ओळी असतात. 'आय हॅव नो फर्दर क्लेम' असं वाक्य असेल तर पैसे जमा होण्याआधी त्याखाली सही करू नका.

महिन्या-दीड महिन्याने पीएफच्या पोर्टलवर जाऊन 'डेट ऑफ एग्झिट' भरली आहे का ते बघा. कंपनीने भरली नसेल तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती तुम्हाला स्वतःला आधारच्या ओटीपीने भरता येते. 'मॅनेज' या मेनूखाली 'मार्क एग्झिट' म्हणून पर्याय आहे.